समुद्रातील सूक्ष्म कवचे आणि आपला काळा पाषाण



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमच्या नावापुढे हा विषय वाचून आपणांपैकी कित्येकांना छापखान्याची चूक झाली असे वाटले असेल. हमालांच्या आणि खडी फोडणाऱ्यांच्या संघटनेत उभे आयुष्य घालवलेला माणूस किमान वेतनावर बोलेल, फार तर ग्रॅच्युइटीवर बोलेल. समुद्रातल्या जीवांशी त्याचा काय संबंध? त्यातून आपली हिंगोली. इथून समुद्र पाहायचा म्हणजे रात्रभर गाडीत बसावे लागते. परंतु चूक झालेली नाही. चिटणीसांनी विचारले तेव्हा आम्हीच म्हणालो की यंदा मजुरीवर नको, दगडावर बोलू. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमचे शिक्षण दहावीच्या अलीकडे थांबले. पुढचे सारे वाचनालयात आणि दयाळू प्राध्यापकांच्या ओट्यावर झाले. तेव्हा या व्याख्यानात शास्त्र जितके असेल तितके त्या मंडळींचे, आणि चुका आमच्या.

२०२४ सालच्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये आपल्या जिल्ह्याची जमीन हलली, भांडी वाजली, माणसे घराबाहेर आली. तेव्हापासून पारावर बसलेला म्हातारासुद्धा विचारतो की खाली आहे तरी काय? खाली काय आहे हे विहीर खोदणाऱ्यास आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. आधी काळी माती, मग मुरूम, मग पाषाण. पाषाण फोडून खाली गेले की कधी कधी तांबड्या मातीचा वीत-दोन वीत पट्टा लागतो आणि त्याखाली पुन्हा पाषाण. औंढ्याचे देऊळ ज्याचे घडवले तो हाच पाषाण, आणि आपल्या रस्त्यांवर पडते ती गिट्टीही याचीच. शास्त्रज्ञ याला दक्षिण ट्रॅप म्हणतात. जमिनीस भेगा पडून लाव्हारस वाहिला, थिजला, त्यावर दुसरा लोट आला, तोही थिजला, असे थरावर थर चढत आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी झाकली जाईल इतका हा पसारा झाला. दोन लोटांच्या मध्ये काही काळ गेला तर पाऊस पडे, माती होई, तळी साचत, गोगलगायी वाढत. मग पुढचा लोट येऊन ते सारे झाकून टाकी. या मधल्या गाळास आंतर-ट्रॅपी थर म्हणतात. आमचा आजचा विषय या मधल्या थरांत आहे. लाव्हाच्या पाषाणात जीव सापडत नाही, हे उघड आहे. उकळत्या रसात कोण जगणार?

आमच्या संघटनेचा एक सभासद चंद्रपूरकडे खडीच्या कामावर गेला होता. परत येताना त्याने एक दगड आणला. त्यात गोगलगायीचा शंख, पण पूर्ण दगडाचा. त्याने विचारले, "साहेब, ही गोगलगाय दगडात शिरली कशी?" आम्हांस उत्तर देता येईना. मोर्चात शंभर प्रश्नांची उत्तरे देणारे आम्ही, त्या दिवशी गप्प झालो. पुढे एका प्राध्यापकांनी सांगितले की ही गोड्या पाण्यातली फायसा, हिचे नाव १८४० सालीच ठेवले गेले आहे. नागपुरास स्टीफन हिस्लॉप नावाचे एक स्कॉटिश पाद्री होते. ज्यांच्या नावाने तिथे कॉलेज आहे तेच. त्यांनी नागपूरजवळच्या टाकळीच्या थरांतून असे अवशेष गोळा केले, आणि १८६० साली नागपूरकडच्या व राजमहेंद्रीकडच्या शंखशिंपल्यांचे वर्णन छापले. १८६३ साली ते एका ओढ्याच्या पुरात बुडून वारले. राजमहेंद्री हे नाव ध्यानात ठेवावे; त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आम्ही लगेच विचारले की या गोगलगायीवरून दगडाचे वय कळते का? प्राध्यापक म्हणाले, फारसे नाही. गोगलगाय आपल्या तळ्यात राहते. ती जात लाखो वर्षे तशीच टिकली तर आपण काय करणार? आणि दुसऱ्या खंडात ती नाहीच, मग तिकडच्या दगडाशी ताळा जमवायचा कसा? वय सांगणारा जीव कसा हवा, तर जगभर पसरलेला, संख्येने अमाप, आणि जातीचे आयुष्य थोडे. असा जीव समुद्रात तरंगतो. त्याचे नाव फोरॅमिनीफेरा, आणि त्यांतलेही प्लवक, म्हणजे पाण्याच्या वरच्या भागात तरंगत राहणारे.

हा एका पेशीचा प्राणी. त्यास डोळे नाहीत, पोट नाही, पाय नाहीत; तरी तो आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतो. प्रथम एक कप्पा, वाढला की त्यास लागून दुसरा, मग तिसरा, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. बहुतेकांचा आकार मिलिमीटरच्या अर्ध्याहूनही कमी असतो. मेल्यावर कवच तळाशी जाते. अशी कोट्यवधी वर्षे कवचांची वृष्टी होऊन खोल समुद्राच्या तळाचा केवढा तरी भाग त्यांच्या चिखलाने भरला आहे.

यांस फोरॅमिनीफेरा, म्हणजे छिद्रधारी, हे नाव १८२६ साली आल्सिद दॉर्बिन्यी या फ्रेंच पंडिताने दिले. गंमत अशी की, ज्याने नाव दिले त्यानेच त्यांना चुकीच्या वर्गात घातले. वळणाचे कप्पे पाहून त्यास वाटले की हे माखलीच्या नि नॉटिलसच्या कुळातले लहान प्राणी असावेत. १८३५ साली दुजार्दँ या त्याच्याच देशबांधवाने जिवंत प्राणी पाहून दाखवले की आत साधा जीवरस आहे, माखलीचे काहीही नाही. घराच्या आकारावरून मालकाची जात ठरवली तर असे होते. आजही अवशेषशास्त्रज्ञाच्या हाती नुसते रिकामे घर असते, ही त्याची अडचण आपण विसरू नये.

अशी चूक आम्हीही केली आहे. एकदा सभेसाठी रत्नागिरीस गेलो असता समुद्रकाठची मूठभर वाळू रुमालात बांधून आणली. एका कॉलेजचा सूक्ष्मदर्शक रविवारपुरता मागून घेतला आणि वाळू पसरून बसलो. दुपारी तीनच्या सुमारास गोल वळणाचे एक कवच दिसले. कप्पे मोजले, चित्र काढले, पुस्तकाशी ताडून पाहिले आणि वहीत ऐटीने लिहिले: ग्लोबिजेरिना, प्लवक. सोमवारी प्राध्यापकांना दाखवले. ते हसले नाहीत, एवढा त्यांचा मोठेपणा. म्हणाले, "हिचे कप्पे फुगीर द्राक्षासारखे आहेत की चपटे? कडेला वेढे किती आवळलेले आहेत पाहा." ती होती अमोनिया. खतातल्या अमोनियाशी तिचा काही संबंध नाही. आमोन देवाच्या शिंगासारखी वळणदार म्हणून असे नाव. ती तळाच्या चिखलात राहणारी, तरंगणारी मुळीच नव्हे. तरंगणाऱ्याचे घर हलके, फुगीर, छिद्राछिद्रांचे असते. तळाशी राहणाऱ्यास तेवढी गरज नसते. ती वही आम्ही अजून जपून ठेवली आहे.

आता ओळख पटवतात कशी? मऊ मातीचा नमुना असेल तर तो पाण्यात, थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घालून भिजत ठेवतात. मग बारीक चाळणीतून धुतात. ही चाळणी आपल्या पिठाच्या चाळणीसारखी नव्हे; तिचे भोक ६३ मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढे, आणि अगदी लहान जाती हव्या असल्या तर याहूनही बारीक. उरलेला कण वाळवून काळ्या तबकडीवर पसरतात आणि दोन डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली, चार केसांच्या कुंचल्याने एकेक कवच उचलून चौकटीच्या पुठ्ठ्यावर चिकटवतात. तांदूळ निवडणाऱ्या बाईस हे काम चटकन समजेल, पुरुषांस थोडे उशिरा. एक युक्ती आम्हांस फार आवडली. चाळणीच्या भोकात कालच्या नमुन्यातले एखादे कवच अडकून आजच्यात मिसळले तर सगळा हिशेब बिघडतो. म्हणून दर वेळी चाळणी निळ्या रंगाच्या पाण्यातून काढतात. मागचे कवच राहिले असेल तर ते निळे होते आणि पकडले जाते. मतदानाच्या शाईचेच तत्त्व हे. आणि खडक कठीण चुन्याचा असला तर कवचे सुटतच नाहीत. मग खडकाचा इतका पातळ काप काढतात की त्यातून उजेड पार जावा, आणि कवचाचा जो छेद मिळेल त्यावर समाधान मानतात. हे काम अधिक अवघड. कांदा कसाही कापला आणि फोडीवरून तो कोणत्या वाणाचा हे सांगा म्हटले, तर जे होईल तेच इथे होते.

कवच हाती आले की प्रश्न ठरलेले असतात. कप्पे दुपदरी रचले आहेत, तिपदरी की मळसूत्री? शेवटच्या वेढ्यात कप्पे किती? तोंड कुठे आहे, मधल्या खळगीत की कडेकडे सरकलेले? ते तोंड कमानीसारखे आहे की फटीसारखे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भिंत कशी आहे? पूर्वी कप्प्यांची संख्या आणि घाट यांवर भर असे. परंतु घाट फसवतो. निरनिराळ्या कुळांतले जीव सारख्या परिस्थितीत सारखा घाट घेतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर भिंतीचा पोत दिसू लागला. छिद्रे अतिसूक्ष्म आहेत की मोठी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी आहे की गुळगुळीत, काटे होते की नव्हते. पोत कुळाचा असतो, तो सहसा खोटे बोलत नाही. १९९९ साली ओल्सन, हेम्लेबेन, बर्गरेन आणि ह्यूबर यांनी अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेतर्फे पॅलिओसीन काळातील प्लवकांचा जो मोठा चित्रसंग्रह काढला, त्यात वर्गीकरणाचा पाया म्हणून भिंतीचा पोतच धरला आहे.

आता ज्या जातीसाठी हा सारा खटाटोप, तिच्याकडे येऊ. इटलीत गुब्बियो म्हणून एक जुने डोंगरी गाव आहे. तिथल्या घळीत चुनखडकाचे थर पुस्तकाच्या पानांसारखे उभे दिसतात. एका ठिकाणी खाली पांढरट चुनखडक, वर तांबूस, आणि मध्ये बोटभर जाडीचा मातीचा पट्टा. पट्ट्याखालच्या खडकात प्लवकांची कवचे मोठी, नक्षीदार, साध्या भिंगाने दिसणारी. पट्ट्याच्या वर ती एकाएकी नाहीशी होतात आणि दिसते फक्त धुळीएवढी चिमुकली प्रजा. १९६४ साली ल्युटरबाखर आणि इझाबेला प्रेमोली सिल्वा या दोघांनी या चिमुकल्यांतील एका जातीचे वर्णन करून गावाच्या जुन्या नावावरून तिला ग्लोबिजेरिना युगुबिना म्हटले. आकार मिलिमीटरचा दहावा भाग, कधी त्याहूनही कमी. शेवटच्या वेढ्यात साधारण पाच ते सात कप्पे. भिंतीस अतिसूक्ष्म छिद्रे. दिसायला काहीच नाही. परंतु सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी महासरट ज्या संहारात गेले, त्याच संहारात समुद्रातील जवळजवळ सगळी प्लवके गेली, आणि त्यानंतर रिकाम्या समुद्रात ज्या नव्या जाती उपजल्या त्यांतली ही अगदी आधीची. दोन-तीन लाख वर्षे ती टिकली आणि गेली. भूशास्त्राच्या हिशेबात दोन-तीन लाख वर्षे म्हणजे डोळ्याचे पाते लवणे. ज्या थरात युगुबिना, तो थर संहारानंतरच्या पहिल्या दोन-तीन लाख वर्षांतला. याहून नेमका पंच शोधून मिळणार नाही.

तिची पूर्वज कोण? बहुतेक संशोधकांच्या मते ग्युंबेलिट्रिया क्रिटेशिया नावाची एक तिपदरी, क्षुद्र दिसणारी जात, जिला कुशमन यांनी १९३३ साली नाव दिले. देखण्या, नक्षीदार, मोठ्या जाती संपल्या, ही उरली. आपत्ती आली की हिची संख्या वाढते, असे तिच्याविषयी लिहिलेले आहे. असली माणसेही आम्ही पाहिली आहेत.

युगुबिनाचे पुढे काय झाले ते ऐका. १९७८ साली हॉफकर यांनी तिच्यासाठी नवा वंश काढला: पार्व्ह्युलारुगोग्लोबिजेरिना. हे नाव घेताना श्वास दोनदा घ्यावा लागतो. म्हणून आम्ही नुसते युगुबिना म्हणू. वंश बदलला, जातीचे नाव तेच राहिले. आणि शास्त्राचा नियम असा की, अशा वेळी प्रथम नाव देणाऱ्यांची नावे कंसात लिहायची. कंस दिसला की समजावे, हा कामगार दुसऱ्या खात्यात बदलून गेला आहे, पण नेमणूकपत्र जुनेच आहे. प्रत्येक जातीचा एक आदर्श नमुना कुठल्या तरी संग्रहालयात ठेवलेला असतो. वाद झाला की सारे पुस्तक बाजूस ठेवून त्या नमुन्याकडे जायचे. आणि एकाच जातीला दोघांनी दोन नावे दिली असतील तर आधीचे नाव खरे.

हा नियम वाचला तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कारण सांगतो. तरुणपणी आम्ही एका जिनिंगमध्ये हजेरीपट लिहीत असू. तिथे एक हमाल होता. पहिल्या हंगामात त्याचे नाव बापाच्या नावासह लिहिले गेले, पुढे गावाच्या नावाने, त्यानंतर त्याला ज्या टोपणनावाने हाक मारीत त्या नावाने. माणूस एक, पाठ तीच, गाठीही त्याच. सहा-सात वर्षांनी काम सुटले तेव्हा तो ग्रॅच्युइटी मागू लागला. १९७२ च्या कायद्याप्रमाणे तेव्हा पाच वर्षांची सलग नोकरी लागत असे. मालकाच्या कारकुनाने हजेरीपट पुढे टाकले: पहा, तीन माणसे आहेत, कोणाचीच पाच वर्षे नाहीत. आणि त्या तीन नावांतले एक आमच्या अक्षरात होते. तो पैसा त्याला मिळाला नाही. आम्ही संघटनेत आलो त्याला इतर कारणेही आहेत, पण हे पहिले. त्यानंतर आम्ही एकाही माणसाचे नाव त्याच्याकडून म्हणवून घेतल्याशिवाय लिहिलेले नाही.

तेव्हा शास्त्रात ज्याला समानार्थी नावे म्हणतात ते काय प्रकरण आहे, हे आम्हांस पुस्तकातून शिकावे लागले नाही. युगुबिनाचेही असेच आहे. १९७९ साली ब्लो यांनी लाँजिअपर्चुरा, म्हणजे लांब तोंडाची, अशी वेगळी जात सांगितली. तिचे तोंड फटीसारखे उंच, कवच जरा दाबलेले. १९९९ च्या त्या चित्रसंग्रहाने ती वेगळी धरली नाही. ती युगुबिनाच, माणसामाणसांत जसा फरक असतो तसा हा फरक, असे म्हणून नाव मिटवले. गेर्टा केलर आणि त्यांच्यासारखे इतर मात्र दोन्ही वेगळ्या मोजतात. फोडणारे आणि जोडणारे असे हे दोन पक्ष प्रत्येक वर्गीकरणात असतात. आम्ही वेतनश्रेणीच्या वाटाघाटींत पाहिले आहे की एकाच कामाच्या तीन श्रेण्या पाडल्या की खालच्या दोघांचा पगार कमी देता येतो. म्हणून आमचा स्वभाव जोडणाऱ्यांकडे झुकतो. पण उलटेही खरे. घण मारणारा आणि सुरुंग भरणारा यांना एकाच ओळीत 'मजूर' म्हणून लिहिले की सुरुंगवाल्याचा धोका कागदावरून नाहीसा होतो. तेव्हा जोडावे की फोडावे, हे आपल्या स्वभावावर सोडून चालत नाही. लांब तोंड आणि आखूड तोंड यांच्यामध्ये सगळ्या पायऱ्या सापडतात का, हे शेकडो कवचे मांडून पाहावे लागते. एका कवचावर जात उभी करणे आणि एका साक्षीवर माणूस फासावर देणे, दोन्ही सारखेच.

आता राजमहेंद्री. आपल्या कयाधूचे पाणी पैनगंगेत जाते, पैनगंगा वर्धेस, वर्धा प्राणहितेस, प्राणहिता गोदावरीस. हिंगोलीत पडलेला पाऊस अखेर राजमहेंद्रीवरून समुद्राला मिळतो. त्या गावाजवळ, मुख्य पठारापासून शेकडो किलोमीटर दूर, आपलाच काळा पाषाण पुन्हा थोडासा वर आलेला आहे. त्याचा रासायनिक कस सह्याद्रीतल्या महाबळेश्वर आणि आंबेनळीच्या लोटांशी जुळतो. म्हणून पुष्कळ संशोधक म्हणतात की पश्चिमेकडचा लाव्हारस जुन्या नदीखोऱ्यांतून हजारेक किलोमीटर वाहत तिथवर गेला. पृथ्वीवरच्या सर्वांत लांब लोटांत त्यांची गणना होते. तिथे खाणी आहेत, आणि खाणींत दोन लोटांच्या मध्ये समुद्राचा गाळ आहे. किनारा जवळ, म्हणून तळे नव्हे, समुद्र. याच थरांतले शंख हिस्लॉपनी १८६० साली वर्णिले होते.

२००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गेर्टा केलर, रुडकीचे सुनील बाजपेयी आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील खाणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. खालच्या लोटावर लगेच जो गाळ बसला आहे त्यात युगुबिनाच्या कालपट्ट्यातल्या जाती मिळाल्या. याचा अर्थ नीट लावून पाहू. गाळ संहारानंतरच्या अगदी पहिल्या काळातला. खालचा लोट त्या गाळाच्या आधीचा, म्हणजे संहाराच्या आसपास थिजलेला. वरचा लोट गाळानंतरचा. आपल्या पाषाणात संहाराची रेघ कुठे ओढायची, हे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या कवचाने सांगितले. दुसऱ्याच वर्षी, २००९ साली, नागपूरच्या उत्तरेस छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली गावच्या आंतर-ट्रॅपी थरांतही त्याच पट्ट्यातील प्लवके मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. त्या कामात नागपूरचे धनंजय मोहबे आणि चंदिगढचे अशोक साहनी हेही होते. झिलमिली! जिथून आज कोणताही समुद्र दिसत नाही, अशा सातपुड्याच्या गावात समुद्रात तरंगणारा जीव. संशोधकांनी निष्कर्ष काढला की त्या काळी समुद्राचा फाटा नदीखोऱ्यांच्या वाटेने मध्य हिंदुस्थानात आत शिरला होता. हा निष्कर्ष फार मोठा आहे. आणि तो कशावर उभा आहे? थोड्या कवचांच्या ओळखीवर. ती कवचे मोठ्या जातीची पिल्ले निघाली तर? जुन्या थरातून धुपून नव्यात आली असतील तर? म्हणूनच तिथे खाऱ्या-मचूळ पाण्यातले इतर जीव, मातीचे प्रकार, खडकाचे चुंबकत्व, सगळ्यांचा जाब घेतला गेला. एकट्या साक्षीदारावर त्यांनीही खटला लढवला नाही.

आपण विचाराल की संहार केला कोणी? त्याच गुब्बियोच्या बोटभर मातीत अल्वारेझ पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इरिडियम हा दुर्मिळ धातू नेहमीच्या सुमारे तीसपट सापडला, आणि १९८० साली त्यांनी सांगितले की आकाशातून लघुग्रह आदळला. पुढे मेक्सिकोत चिक्शुलुब येथे त्याचे विवरही सापडले. केलर यांचा पक्ष म्हणतो की खरा दोष आपल्या काळ्या पाषाणाचा; लाव्हाबरोबर निघालेल्या वायूंनी हवा आणि समुद्र नासले. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात दोन गटांनी लोटांची वये मोजून एकाच वेळी छापली. एका गटाने, ज्यात आपल्या अमरावती विद्यापीठाचे खादरी आहेत, लोटांमधल्या तांबड्या मातीतले झिरकॉनचे कण मोजले आणि सांगितले की संहाराच्या थोडेच आधी एक मोठा उद्रेक झाला. दुसऱ्या गटाने दुसऱ्या रीतीने मोजून सांगितले की लाव्हाचा सुमारे पाऊण हिस्सा संहारानंतरचा आहे. आमचे मत विचाराल तर आघात झाला यात आम्हांस शंका वाटत नाही. परंतु आधीच आजारी असलेल्या माणसावर भिंत पडावी, तसे झाले असेल असा संशय मात्र आहे. हे मत एका हमाल संघटकाचे आहे, तेवढीच त्याची किंमत धरावी.

ती तांबडी माती आपल्या विहिरींत लागते तीच. आपले खोदणारे तिला शिव्या देतात, कारण तिथे कड ढासळते. राजमहेंद्रीच्या ज्या खाणींतून युगुबिनाचा पट्टा उघडा पडला, त्या शास्त्रज्ञांनी खोदलेल्या नाहीत. घणावर आणि सुरुंगावर पोट असलेल्यांनी खोदल्या. शोधनिबंधात खाणीचे नाव असते, फोडणाऱ्याचे नसते. आम्ही त्याबद्दल तक्रार करीत नाही. ज्याने नमुना ओळखला त्याचे श्रेय त्याचेच. परंतु आपल्या जिल्ह्यात विहीर खणताना शंख लागला, लाकूड दगड झालेले दिसले, वा पाषाणामध्ये मऊ मातीचा वेगळा थर आला, तर तो टोपलीत भरून ढिगावर टाकण्याआधी मूठभर बाजूस ठेवावा. जागा, खोली आणि तारीख चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी त्या मातीबरोबरच बांधावी. चिठ्ठी नसेल तर तो नुसता दगड आहे. आमच्या कार्यालयात अशा नऊ पुड्या जमल्या आहेत. सात नीट चिठ्ठीच्या, दोन बेवारस. भूशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी पावसाळ्याआधी येऊन त्या पाहण्याचे कबूल केले आहे.

व्यासपीठाच्या डाव्या बाजूस टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला आहे. त्याखाली आमची ती रत्नागिरीची वाळू आहे, आणि मधोमध आम्ही चुकलो ती अमोनिया. शेजारच्या पुठ्ठ्यावर प्राध्यापकांनी कृपा करून दिलेली दोन खरी ग्लोबिजेरिना आहेत. दोन्हींतला फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. मुलांनी आधी यावे, मग स्त्रियांनी, मग आपण. भिंगाला बोट लावू नये, आणि पुठ्ठ्यावर कोणी फुंकर मारू नये. ती दोन कवचे उडाली तर हिंगोलीत तिसरे नाही.